अध्याहृत कर्ता : नीडहॅम-श्रोडर संवादाची चिकित्सा

रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेला सार्वजनिक किल्लीचा प्रमाणीकरण-संवाद हा सामान्यतः गणिताचा विषय समजला जातो. त्यातील दोष मात्र गणिताचा नव्हता. तो वाक्यरचनेचा होता, आणि तो उमगण्यास सतरा वर्षे लागली, ही गोष्ट भाषाभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

संवादाचा गाभा तीन संदेशांचा आहे. 'अ' आपले नाव व नुकताच योजलेला, पूर्वी न वापरलेला एक अंक 'ब'च्या सार्वजनिक किल्लीने बंद करून धाडतो. ते कुलूप 'ब'वाचून कोणास उघडत नाही. 'ब' तो अंक व सोबत स्वतःचा नवा अंक 'अ'च्या किल्लीने बंद करून पाठवितो. 'अ' हा दुसरा अंक 'ब'च्या किल्लीने बंद करून परत करतो. ज्याने अंक वाचून दाखविला तोच इष्ट पक्ष, असा हा न्याय आहे.

परंतु दुसऱ्या संदेशात उत्तर देणाराचे नाव नाही. तेथे कर्ता अध्याहृत आहे. बोलण्यात असा कर्ता प्रसंगावरून कळतो, 'आलो' यासारख्या क्रियारूपावरूनही कळतो. तारेवरून येणाऱ्या अंकांना प्रसंग नसतो. प्रत्यय तर नसतोच.

गॅव्हिन लो यांनी १९९५ साली नेमके हेच दाखविले. 'अ' राजीखुशीने 'क'शी संवाद आरंभतो. 'क' लबाड आहे. तो 'अ'चा संदेश उघडून 'ब'च्या किल्लीने पुन्हा बंद करतो व 'अ'च्या नावे पुढे सारतो. 'ब'चे उत्तर त्यास उघडता येत नाही, म्हणून ते तो जसेच्या तसे 'अ'कडे देतो. 'अ' ते 'क'चेच उत्तर समजतो आणि आतील अंक काढून 'क'च्या हाती ठेवतो. तो अंक 'ब'कडे पोचताच आपण 'अ'शीच बोलत आहोत अशी 'ब'ची खात्री पटते. कुलूप कोणतेही फुटलेले नाही. 'अ' खोटेही बोललेला नाही. लो यांची दुरुस्ती एका पदाची आहे : दुसऱ्या संदेशात 'ब'ने आपले नाव घालावे.

मूळ रचनेत शत्रू बाहेरचा कल्पिला होता, हा तिचा बचाव खरा आहे. पण पुरेसा नाही. बरोज, अबाडी व नीडहॅम यांनी १९८९ साली आपल्या तर्कपद्धतीने हाच संवाद तपासला, तेव्हाही दोष निसटला. ती पद्धती भागीदारांस प्रामाणिक मानते, हे एक कारण. दुसरे अधिक बोधक आहे. तीत प्रत्येक संदेश प्रथम त्याच्या अभिप्रेत अर्थाच्या सूत्रात उतरवावा लागतो, आणि दुसऱ्या संदेशाच्या सूत्रात 'अ' व 'ब' ही दोन्ही नावे आहेत. भाष्यकाराने गाळलेले पद स्वतःच भरले. मग ते संहितेत नाही, हे दिसावे कसे?

पुढे अबाडी व नीडहॅम यांनीच, संदेशाचा अर्थ संदेशातूनच निघाला पाहिजे, असा दंडक घातला, हे नीडहॅम यांच्या प्रांजलपणास शोभणारेच होय. २०१८ सालच्या 'टीएलएस १.३' या संकेतात सर्व्हरची स्वाक्षरी तोवरच्या संपूर्ण संभाषणाच्या सारावर होते, आणि ती सर्व्हरची की ग्राहकाची हे स्वाक्षरी होणाऱ्या मजकुरातच शब्दांनी नमूद असते. ग्राहकाची स्वाक्षरी मात्र तेथे ऐच्छिक आहे. ती नसेल तेव्हा 'ब' कोण हे ठरते, 'अ' कोण हे नाही.