शुक्रावरची वीज आणि कॅसिनीला ऐकू न आलेली खरखर

'काहीच सापडलं नाही' याचा पेपर होतो का, असं नव्यानं संशोधनाकडे वळणारे बरेच जण विचारतात. होतो, आणि 'नेचर'मध्येही छापून येतो. डोनाल्ड गर्नेट आणि सहकाऱ्यांचा 2001 सालचा पेपर हे त्याचं उदाहरण. कॅसिनी यान शुक्राजवळून दोनदा गेलं, त्यावरच्या रेडिओ उपकरणानं विजेचे सिग्नल शोधले आणि तसा एकही सिग्नल मिळाला नाही. बातमी एवढीच. पण पेपर बारकाईनं वाचण्यासारखा आहे, आणि एका ठिकाणी त्याच्याशी भांडण्यासारखाही.

आधी थोडं भौतिकशास्त्र. वळवाच्या पावसात एएम रेडिओ चालू असेल तर वीज चमकली की त्यात खर्रकन आवाज येतो. वीज म्हणजे क्षणार्धात वाहिलेला प्रचंड प्रवाह, आणि असा प्रवाह रेडिओ लहरी फेकतोच. हीच खरखर यानाच्या अँटेनानं ऐकायची. अडचण मधल्या आयनोस्फिअरची. तिथल्या प्लाझ्माची स्वतःची एक वारंवारिता असते आणि तिच्यापेक्षा कमी वारंवारितेची लहर सहसा खालूनच परत फिरते. शुक्राच्या रात्रीच्या बाजूला ही मर्यादा ढोबळमानानं 1 मेगाहर्ट्झ, दिवसा त्याच्या कितीतरी वर. लहर तिरपी निघाली तर आणखी वर. गर्नेट यांनी 0.125 ते 16 मेगाहर्ट्झ एवढा पट्टा तपासला, पण खालच्या ढगांतल्या विजेबद्दल बोलायचं तर त्यातला वरचा भागच कामाचा आहे. असा पट्टा कुठेही वाचलात, तर यातलं किती खरंच बाहेर येऊ शकतं हे स्वतः काढून बघा. गणित दोन ओळींचं आहे, लागते फक्त इलेक्ट्रॉन घनता.

आता वाद. 1978 साली सोव्हिएत व्हेनेरा 11 आणि 12 शुक्रावर उतरताना 10 ते 80 किलोहर्ट्झमध्ये झटक्यांसारखे सिग्नल मिळाले. पायोनियर व्हीनसला 100 हर्ट्झच्या आसपास 'व्हिसलर' लहरी दिसल्या. 1990 मध्ये गॅलिलिओ जाताजाता शुक्राजवळून गेलं तेव्हा त्यानं मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोजकेच झटके टिपले. तो गॅलिलिओचा पेपर लिहिणारे पहिले लेखक कोण? हेच गर्नेट. म्हणजे दहा वर्षांपूर्वी स्वतःच 'कदाचित वीज' म्हणून मांडलेल्या गोष्टीला याच माणसानं अधिक चांगल्या उपकरणानं पुन्हा तपासलं आणि 'नाही मिळाली' असं छापलं. हे मला फार आवडतं.

पेपरचा खरा जीव मात्र पृथ्वीच्या आलेखात आहे. शुक्राच्या दोन भेटी एप्रिल 1998 आणि जून 1999 मधल्या. त्यानंतर ऑगस्ट 1999 मध्ये कॅसिनी पृथ्वीजवळून गेलं, आणि तेच उपकरण आपल्या विजांनी खडखडून गेलं. लेखकांनी त्यावरून जगभरात सेकंदाला 70 विजा असा अंदाज काढला. त्यामुळे 'उपकरण बहिरं होतं' ही पळवाट बंद झाली. पुढे याच उपकरणानं शनीच्या वादळांमधली वीज सुमारे 16 कोटी किलोमीटरवरून ऐकली, तेव्हा उरलीसुरली शंकाही मिटली. तुमच्या प्रयोगात 'सापडलं नाही' असं लिहायची वेळ आली, तर तुमची पृथ्वी कोणती हे आधी ठरवा. ती नसेल तर गाईडपेक्षा रेफरीच जास्त छळतील.

त्या 70 बद्दल एक शंका. पेपर म्हणतो की हा आकडा अपेक्षेशी जुळतो. तेव्हा रूढ असलेला अंदाज सेकंदाला 100 चा होता, तोही 1925 चा. 2003 साली उपग्रहावरच्या ऑप्टिकल उपकरणातून 44 हा आकडा पुढे आला. म्हणजे 'जुळतो' हा शब्द जरा उदार आहे. पण इथे प्रश्न आहे दखल घेण्याजोगी वीज आहे की नाही, आणि दीडपट इकडेतिकडे झाल्यानं त्या उत्तराला धक्का लागत नाही. कुठली चूक महत्त्वाची आणि कुठली नाही, हेही वाचताना ठरवावं लागतं.

माझं भांडण निष्कर्षाशी आहे. शुक्रावर वीज असलीच तर ती अत्यंत विरळ तरी आहे किंवा पृथ्वीवरच्या विजेपेक्षा फार वेगळी तरी, असं लेखक म्हणतात. यातला 'विरळ' तपासता येतो. पण दोन भेटी म्हणजे दोन झलका. डिसेंबरात दोनदा महाराष्ट्रावरून विमानानं गेलं आणि एकही वीज दिसली नाही, तर 'इथे विजा विरळ' म्हणायचं का? मे महिन्यात मराठवाड्यात येऊन बघा! शुक्रावर असे ऋतू आहेत असं मी म्हणत नाहीये. दोन झलकांवरून संपूर्ण ग्रहाचा दर सांगताना ती वीज सगळीकडे, सगळा वेळ सारखी पडते असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते गृहीतक पेपरच्या सारांशात दिसायला हवं होतं.

दुसरा भाग, 'फार वेगळी', तर अजूनच निसरडा. प्रवाह हळू चढत असेल तर मेगाहर्ट्झमधली ऊर्जा पार घसरते आणि कॅसिनीला ऐकू येणारच नाही, हे भौतिकशास्त्र म्हणून पटतं. पण कशी वेगळी, किती वेगळी, हे न सांगता ते दार उघडं ठेवलं की कुठलंच निरीक्षण त्या कल्पनेला खोटं ठरवू शकत नाही.

एक गोष्ट मात्र लेखकांच्या बाजूनं सांगायलाच हवी. शीर्षकातच त्यांनी 'पृथ्वीवरच्या विजेची वैशिष्ट्यं असलेले सिग्नल' न सापडल्याचं म्हटलंय. हा पेपर पुढे उद्धृत होतो तेव्हा नेमकं हेच विशेषण गळतं आणि उरतं 'कॅसिनीनं शुक्रावर वीज नाही हे दाखवलं'. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत हे वाक्य असेल तर आजच दुरुस्त करा.

दुसरी बाजूही गप्प बसली नाही. 2007 मध्ये व्हीनस एक्सप्रेसच्या मॅग्नेटोमीटरवरून पुन्हा व्हिसलर लहरींचा दावा आला, तोही 'नेचर'मध्येच. इथे एक साधी कसोटी होती: लहर ढगांतल्या विजेतून निघाली असेल तर ती ग्रहापासून वर, बाहेर जाताना दिसली पाहिजे. फेब्रुवारी 2021 मध्ये पार्कर सोलर प्रोब शुक्राजवळून गेलं तेव्हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र मोजून लहरींची दिशा काढता आली. 2023 च्या पेपरनुसार त्या वेळी दिसलेल्या व्हिसलर लहरी ग्रहाकडे, म्हणजे खाली येत होत्या. तीही एकच भेट, त्यामुळे झलकांबद्दलचा माझा आक्षेप तिलाही लागू आहे. पण गर्नेट यांच्या पेपरनं उघडं ठेवलेलं दार बंद करायचं तर असंच, दिशा मोजणारं काम लागेल, आणि तेही शुक्राभोवती बराच काळ फिरत राहणाऱ्या यानावरून.