यू-५०५: भरलेली पाणबुडी आणि रिकाम्या जागा

शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयातल्या यू-५०५ या जर्मन पाणबुडीचे आतले फोटो बघा. डायल, झडपा, चाकं, पाइप, सगळं जागच्या जागी. माझी तक्रार नेमकी या भरलेपणाबद्दल आहे.

४ जून १९४४ ला पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रात अमेरिकी नौदलाने ही बोट पकडली. एनिग्मा यंत्रं, संकेतपुस्तकं तेव्हाच निघाली. युद्धानंतर पोर्ट्समथच्या नौदल गोदीत ती पडून होती आणि सुटण्यासारखी जवळपास प्रत्येक वस्तू तिथे गेली. १९५४ मध्ये संग्रहालयात आली ती पोकळच. मग संग्रहालयाचे प्रमुख लेनॉक्स लोहर यांनी मूळ जर्मन कंपन्यांना पत्रं लिहिली आणि कंपन्यांनी सुटे भाग चक्क फुकट पाठवले! दाद द्यावी अशीच गोष्ट. पण भाग त्याच कंपनीचा असला तरी त्याच बोटीचा नाही.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? पडतो. बोट सेवेत आली ऑगस्ट १९४१ मध्ये. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्रिनिदादजवळ विमानहल्ल्यात ती इतकी मोडली की लोरियाँ बंदरात दुरुस्तीला काही महिने गेले. त्यामुळे १९४१ चं रेखाचित्र १९४४ च्या बोटीचा पुरावा म्हणून डोळे मिटून वापरता येत नाही. 'इथे काय होतं?' याच्या आधी 'कधी?' हे विचारावं लागतं, आणि सगळं भरून टाकलं की हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

खरं तर रिकामी जागा बरंच सांगते. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, ब्रॅकेटचा आकार, जुन्या रंगात उरलेला गोल डाग, पाइपच्या तोंडाचा व्यास. बारीक नळी येऊन थांबली असेल तर दाबमापकाचा संशय घ्यावा. कापलेली केबल असेल तर विद्युत उपकरणाचा. पण भोकं जुळली म्हणजे वस्तू तिथे बसते, एवढंच कळतं. युद्धकाळातल्या अक्षरी कोडचंही तसंच. दुर्बिणीवर 'बीएलसी' असेल तर ती येनाच्या कार्ल झाइसची, 'बीईएच' असेल तर लाइट्झची. कारखाना कळला, बोट नाही कळली. त्यापेक्षा पकडल्यानंतर लगेच काढलेला एखादा धूसर फोटो मला जास्त वजनाचा वाटतो.

पेरिस्कोपचं उदाहरण घ्या. नौदलाने तो काढून कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोमाच्या प्रयोगशाळेत वापरला होता. २००३ च्या सुमारास तो सापडला आणि संग्रहालयाकडे परत आला. कुठून निघाला, कुठे राहिला, कसा परतला, अशी साखळी इथे आहे. नियंत्रण खोलीतल्या किती डायलांना ती असेल? मला प्रत्येकाशेजारी एक छोटी खूण हवी होती: मूळ, कंपनीने दिलेला, की अंदाजाने बसवलेला. आणि जिथे काहीच पुरावा नाही, तिथे ती चार भोकं तशीच उघडी.