कोतवालाचा दरारा आणि जमावाचा दगड

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या नाटकावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या नाटकावर लिहिले गेले असेल. नाना फडणवीसांचे चित्रण इतिहासाला धरून आहे की नाही, हा वाद झाला. पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली काय, हा दुसरा वाद. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि माणसांनीच उभारलेली ती भिंत यांचे कौतुकही पुष्कळ झाले. मात्र नाटकाच्या गाभ्याशी असलेला एक साधा प्रश्न या साऱ्या चर्चेत मागे पडला. कठोर शिक्षेच्या धाकाने गुन्हा थांबतो काय? आणि थांबत नसेल, तर समाजाला ती शिक्षा एवढी प्रिय का असते?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला २०२४ नंतर हा प्रश्न टाळता येणार नाही. म्हणून नाटकाचे हे वाचन त्या प्रश्नापुरते.

घाशीराम हा कनोजहून पोट भरण्यासाठी आलेला ब्राह्मण. चोरीचा खोटा आळ घेऊन पुणे त्याची विटंबना करते आणि तो सूडाने पेटतो. आपली कोवळी मुलगी गौरी तो नानांच्या हवाली करतो आणि मोबदल्यात कोतवाली मिळवतो. रात्री परवान्यावाचून रस्त्यावर दिसेल त्याला कोठडी, बावन्नखणीकडे वळेल त्याला दंड, असा त्याचा कारभार सुरू होतो. येथे तेंडुलकरांचा प्रामाणिकपणा ध्यानात घ्यावा. धाकाचा काहीच परिणाम होत नाही, असे ते दाखवीत नाहीत. पुणे भिते, रस्ते ओस पडतात, आणि वरवर पाहणाऱ्यास शहर सुधारले असेच वाटावे.

मग पुढे काय होते? चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवण्याचा प्रसंग येतो. या दिव्यात खरा चोर सापडत नाही. वेदनेने पिळवटलेल्या माणसाकडून हवा तो कबुलीजबाब तेवढा मिळतो. चोर पकडणे आणि कोणाला तरी चोर ठरवणे यांतला फरक येथे पुसला जातो. धाकाच्या राज्यात कोतवालाला गुन्हेगाराची गरज उरत नाही, शिक्षा भोगणारे शरीर मिळाले की पुरे. म्हणूनच फळे तोडल्याच्या क्षुल्लक कारणावरून परगावच्या ब्राह्मणांना अरुंद कोठडीत कोंडले जाते आणि ते गुदमरून मरतात. ही १७९१ साली प्रत्यक्षात घडलेली घटना आहे.

यानंतरचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. जमाव खवळून नानांच्या दारी येतो, न्याय मागतो, आणि नाना घाशीरामला जमावाच्या स्वाधीन करतात. धिंड निघते, दगड पडतात, घाशीराम संपतो. प्रेतापाशी उभे राहून नाना पुण्यावरची पीडा टळल्याचे जाहीर करतात आणि उत्सवाची आज्ञा देतात. ज्याने त्याला कोतवाल केले, ज्याने त्याच्या मुलीचा सौदा केला, तो स्वतः तसाच सुरक्षित राहतो. घाशीराम अपराधी आहे यात शंका नाही. परंतु त्याला मिळालेली शिक्षा इतकी तत्पर आहे की तिच्या धुरळ्यात दुसऱ्या कोणाला काही विचारायचे राहून जाते. शिक्षा कठोर झाली, गुन्ह्याची चौकशी मात्र तेथेच संपली. माझ्या मते या नाटकाचे मर्म येथे आहे.

आता बदलापूरकडे वळू. १२ आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी तेथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले. त्या महिन्याच्या २० तारखेला हजारो लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले. कित्येक तास लोकलगाड्या बंद राहिल्या आणि एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू आली : फाशी द्या, ताबडतोब द्या. ज्यांच्या घरात लहान लेकरे आहेत अशा आईबापांचा तो संताप खोटा नव्हता. त्याला वेडेपणा म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण फाशी कायद्यात नव्हती काय? बारा वर्षांखालील बालिकेवरील बलात्कारास मृत्युदंडापर्यंतची शिक्षा २०१८ सालीच आली. २०१९ साली पॉक्सो कायद्यातही मृत्युदंडाची तरतूद झाली. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कायम राहिली. म्हणजे जेवढा धाक कायद्याच्या पुस्तकात बसवता येतो तेवढा बसवून झालेला होता, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी ही घटना घडली. उणीव होती ती दुसरीकडे. तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईबद्दल उच्च न्यायालयाने पोलिसांवर ताशेरे ओढले आणि तीन पोलिसांचे निलंबन झाले. घटना वेळीच कळवली नाही म्हणून शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. फाशीचा दोर तयार होता. मुलींचे म्हणणे तत्काळ लिहून घेणारी लेखणी मात्र तयार नव्हती.

शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा तिची निश्चिती गुन्ह्याला अधिक आवर घालते, असे इटलीच्या बेकारियाने १७६४ साली लिहून ठेवले. उल्हासनगरला हे कळण्यासाठी इटलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. तेथे १९९० साली झालेल्या एका खुनाबद्दल एका माजी आमदाराला कल्याणच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २०१३ साली. मधल्या तेवीस वर्षांत मतदारांनी त्याच गृहस्थांना अनेकदा विधानसभेवर धाडले. जन्मठेप ही काही सौम्य शिक्षा नव्हे. परंतु जी येण्यास तेवीस वर्षे लागतात, तिचा दरारा कोणाला वाटावा?

हीच गोष्ट दहशतवादाची. टाडा या कायद्याखाली १९९४ च्या मध्यापर्यंत देशात शहात्तर हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. त्यांपैकी शेकडा दोघांचाही गुन्हा सिद्ध झाला नाही. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत एकशे ऐंशीहून अधिक प्रवासी मेले. २०१५ साली मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती मिळाली. ते काहीही असो, गाडीत माणूस गमावलेल्या कुटुंबाला एकोणीस वर्षांनंतरही ‘हे कोणी केले?’ याचे खात्रीचे उत्तर नाही. तापलेल्या गोळ्याचा प्रसंग अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

उलट बाजूचे उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ चे. मरण्याच्या तयारीनेच आलेल्या दहा जणांना फाशीचे भय काय घालणार? त्यांच्यातला एक जिवंत हाती लागला तो सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन त्याची बंदूक धरून ठेवली म्हणून. त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला आणि कटाचे धागे न्यायालयात पुराव्यानिशी उलगडले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला फाशी झाली. ती योग्य की अयोग्य यावर मतभेद होतील. ख्रिस्तसभेने तर २०१८ साली धर्मशिकवणीत बदल करून मृत्युदंड मुळातच अस्वीकार्य ठरवला. मात्र देशाच्या हाती जे सत्य आले ते खटल्यामुळे आले, याविषयी दुमत नसावे.

बदलापूरच्या प्रकरणात तो खटला उभाच राहिला नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावले म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने या दाव्याविषयी संशय व्यक्त केला आणि गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले. पण त्याआधीच, मृत्यूची वार्ता येताच पेढे वाटले गेले होते, फटाके वाजले होते आणि सूड पुरा झाल्याचे सांगणारे फलक लागले होते. नानांनी आज्ञा दिलेला उत्सव आपण नाट्यगृहात टीका म्हणून पाहिला. येथे तो आज्ञेवाचूनच साजरा झाला.

शिक्षा मृत्यूपाशीही थांबली नाही. कुटुंबाला दफन करावयाचे होते. बदलापूर आणि अंबरनाथ येथे विरोध झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सहा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलिसांच्या बंदोबस्तात प्रेत पुरले गेले. विरोध तेथेही होताच. सॉफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त क्रेऑन राजा एका प्रेताला मूठभर माती नाकारतो आणि ती देणाऱ्यास मृत्यूची शिक्षा फर्मावतो. त्या धाकाने अँटिगनी थांबत नाही. मोडते ते क्रेऑनचेच घर. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, हे आपल्याला लहानपणी शिकवले गेले. त्यात मृत माणूस निरपराध असला पाहिजे, अशी अट नव्हती.

‘घाशीराम’मधली एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी जी मुलगी आहे, त्या गौरीला नाटकात जवळजवळ आवाजच नाही. ती दिली जाते, भोगली जाते, गर्भार होते आणि मरते. तिचे मरण घाशीरामच्या उन्मादाचे निमित्त होते, तिची स्वतःची कहाणी होत नाही. तेंडुलकरांनी समाजाचा हा बहिरेपणा जाणून दाखवला, असे म्हणता येईल. तरीही नाटक संपताना प्रेक्षकाच्या मनात कोतवाल आणि नाना राहतात, गौरी राहत नाही. बदलापुरातही तसेच झाले. सप्टेंबरनंतर सारी चर्चा चकमक खरी की खोटी यावर होत राहिली. त्या दोन मुली, त्यांचा खटला, आणि अन्य शाळांतल्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मागे सरकला.

कठोर शिक्षेचा सर्वांत मोठा दोष क्रौर्याहूनही निराळा आहे. ती पीडितांच्या नावाने मागितली जाते आणि पीडितांनाच विसरायला लावते. मृत्युदंडामुळे जन्मठेपेहून अधिक जरब बसते असा पुरावा नाही, असे विधी आयोगाने २०१५ सालच्या २६२ व्या अहवालात म्हटले आणि दहशतवाद व युद्ध पुकारणे हे गुन्हे वगळता तो रद्द करण्याची शिफारस केली. अहवाल फारसे कोणी वाचत नाही. नाटक मात्र आपण पाहतो, आणि पुण्याचा जमाव दगड उचलतो तेव्हा आपल्या मनात क्षणभर समाधान दाटते. त्या समाधानाची तपासणी करावयास लावणे हे ‘घाशीराम कोतवाल’चे आजचे काम आहे. घाशीराम पडल्यावर नाना कोठे उभे आहेत, आणि गौरीचे काय झाले, हे दोन प्रश्न घेऊन जो प्रेक्षक नाट्यगृहाबाहेर पडेल, त्याला नाटक पोहोचले असे म्हणावे.