‘कोणाच्या बाळाचा?’ : नागपूरचा सहभाग असलेला एक पेपर पुन्हा वाचताना

मागच्या वर्षी सिनॉप्सिस लिहिताना पहिल्याच पानावर मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. पोषण आणि आरोग्याची गरज भागली, की बाळाचा विकास जगभर सारख्याच क्रमाने आणि सारख्याच वयात होतो, असं ते वाक्य. पुढे एक वजनदार संदर्भ. गाईडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले : ‘कोणाच्या बाळाचा?’

खरं सांगते, राग आला. पेपर ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधला, २०१९चा. पहिलं नाव होजे व्हिलार यांचं, आणि लेखकांत आपल्या नागपूरच्या डॉ. मनोरमा पुरवार. आणखी काय पाहिजे? मग पूर्ण पेपर काढून वाचायला बसले तेव्हा कळलं, की तोवर मी फक्त सारांश वाचला होता. त्यातही शेवटचं वाक्य.

माझा विषय आहे नागपूरच्या वस्त्यांमधल्या एक वर्षाखालच्या बाळांचा विकास. म्हणजे हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलं असतं, तर माझ्या अभ्यासातलं जे बाळ ‘वेगळं’ निघेल, त्याच्यावर ‘मागे पडलेलं’ असा शिक्का आपोआप बसला असता. म्हणून हा पेपर नीट तपासायचं ठरवलं.

पेपर काय म्हणतो

‘इंटरग्रोथ-२१’ हा आठ ठिकाणचा प्रकल्प : पेलोटास, ट्यूरिन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिएटल, बीजिंगचा शुन्यी भाग, नैरोबीचं पार्कलँड्स उपनगर आणि नागपूर शहराचा मध्यवर्ती भाग. गर्भारपणाच्या सुरुवातीपासून बायकांची नोंद केली. त्यातून गर्भाची वाढ आणि नवजात बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर यांची आंतरराष्ट्रीय मानकं २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली.

२०१९चा पेपर पुढचा प्रश्न विचारतो. लांबी जशी सगळीकडे सारखी वाढते, तसा मेंदूचा आणि वागणुकीचा विकासही सारखा असतो का? त्यासाठी ब्राझील, भारत, इटली, केनिया आणि ब्रिटन इथली १,३०७ मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली. खास तयार केलेली चाचणी, दृष्टीच्या तपासण्या आणि जागतिक आरोग्य संघटनेचे हालचालींचे टप्पे, असं सगळं वापरलं.

निष्कर्ष असा : १६पैकी १४ घटकांत एकूण व्हेरिअन्समध्ये केंद्राकेंद्रांतल्या फरकाचा वाटा १.३ ते ९.२ टक्के एवढाच. पाच केंद्रं गुणिले १६ घटक, अशा ८० तुलनांपैकी फक्त सहांमध्ये फरक अर्ध्या प्रमाण विचलनापेक्षा (एसडी) जास्त. आणि शेवटचं वाक्य : हे टप्पे बहुधा उपजत आणि सार्वत्रिक आहेत, गरजा भागल्या की झालं.

जमेची बाजू, आणि ती मोठी आहे

टीका करायची म्हणून पेपर उडवून लावायचा नसतो. आपल्याकडे एक वाद जुना आहे : भारतीय मुलं मुळातच लहानखुरी असतात, परदेशी तक्ते लावून आपण उगाच त्यांना कुपोषित ठरवतो. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त असाच मुद्दा मांडला होता आणि त्यावर भरपूर उत्तरं आली. हा वाद पुस्तकी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. ‘ती मुळातच तशी’ म्हटलं, की सगळ्यांची जबाबदारी संपली.

इथे नागपूरची बाळं कामाची ठरतात. नीट खायला मिळालेल्या, आजारपणात उपचार मिळालेल्या आईचं नागपुरातलं बाळ ट्यूरिनच्या बाळाइतकं वाढू शकतं, हे या प्रकल्पाने मोजून दाखवलं. पद्धतही शिस्तीची : सगळीकडे एकच साधन, आणि नोंद मागे वळून आठवणीवर नाही तर गर्भारपणापासून पुढे. एवढं विधान मी आजही छातीठोकपणे संदर्भासह लिहीन.

उडी कुठे मारली

‘वाढू शकतं’ इथून ‘उपजत आहे’ इथे जाणं ही उडी आहे. तीन ठिकाणी मी अडखळले.

पहिलं, निवड. अभ्यासातल्या आया शिकलेल्या, शहरी, तब्येतीने चांगल्या, पैशाची किंवा पर्यावरणाची मोठी अडचण नसलेल्या. मानक ठरवायला हे बरोबरच आहे. मुलं कशी वाढायला हवीत, हे अडचणीतल्या मुलांवरून ठरवता येत नाही. पण काटोल, नरखेड, वरूडमधल्या फक्त पाणीदार, निगा राखलेल्या बागा निवडल्या आणि संत्री सारखी निघाली, तर त्यावरून काय म्हणता येईल? निगा राखली तर तिन्हीकडे चांगली संत्री येतात, एवढंच. गोडी कलमातच असते आणि बागवानाच्या हाताला फारसं महत्त्व नाही, हे त्यातून निघत नाही. सारख्या आयांची बाळं सारखी निघाली, तर सारखेपण बाळांच्या आत आहे की आयांच्या घरांत, हे ही रचना वेगळं करून सांगू शकत नाही.

आणि बागवानाच्या हाताला महत्त्व आहे, याचा पुरावा जुना आहे. चार्ल्स सुपर यांनी १९७६मध्ये केनियातल्या किप्सिगिस बाळांबद्दल लिहिलं. ही बाळं अमेरिकन बाळांपेक्षा लवकर बसत आणि चालत, कारण घरची माणसं बसणं-चालणं मुद्दाम शिकवत. ज्या हालचाली कोणी शिकवत नव्हतं, त्यांत ती पुढे नव्हती. आपल्याकडची मालीश, पांगुळगाडा, बोट धरून चालवणं हेसुद्धा याच यादीत येईल. पेपरमधली मुख्य तुलना मात्र केंद्राकेंद्रांची आहे. घरोघरी बाळाला कसं हाताळलं गेलं, याची नाही.

दुसरं, टक्केवारी. ‘केंद्रांचा वाटा ५ टक्के’ ऐकलं की फरक क्षुल्लक वाटतो. पण हा भागाकार आहे. समजा केंद्रांमुळे ५ एकक व्हेरिअन्स, मुलामुलांतल्या खऱ्या फरकामुळे ४५, आणि मोजमापाच्या चुकीमुळे ५०. केंद्रांचा वाटा ५ टक्के. आता तेच फरक बिनचूक साधनाने मोजा : ५ भागिले ५०, म्हणजे १० टक्के. बाळं तीच, वाटा दुप्पट! दोन वर्षांचं मूल तपासणीच्या दिवशी झोपमोड झालेलं असेल, अनोळखी बाई बघून बिलगलं असेल. वागणुकीच्या चाचणीत असा गोंधळ लांबीच्या फळीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे लांबीचा छोटा वाटा आणि वागणुकीचा छोटा वाटा एकाच तराजूत घालता येत नाहीत.

तिसरं, अर्ध्या एसडीची मर्यादा. संख्याशास्त्रात ०.५ला ‘मध्यम’ परिणाम म्हणायचा रिवाज आहे. बुद्ध्यांकाच्या भाषेत तो साडेसात गुण. असा फरक ‘सारखाच’ धरायचा का, हा निर्णय आहे, शोध नव्हे. शिवाय १६पैकी १४ घटक सांगितले, की उरलेल्या दोघांकडे आधी बघायचं. सारांशात जे मागे राहतं, तिथे बहुतेक वेळा पुढच्या अभ्यासाचा प्रश्न असतो.

नागपूर म्हणजे कोणतं नागपूर

पेपरच्या तक्त्यात ‘भारत’ लिहिलेलं असतं तिथे आपण नकळत सगळं नागपूर वाचतो. प्रत्यक्षात तो एका चाळणीतून आलेला गट आहे. लेखकांनी चाळणी लपवलेली नाही, सारांशातच सांगितली आहे. विसरतो ते आपण, संदर्भ देणारे.

याचा खालपर्यंत परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या हालचालींच्या टप्प्यांचंच बघा. भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांवरून ते ठरले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकटं चालणं ८.२ ते १७.६ महिने. निरोगी मुलांमध्येच एवढी रुंद खिडकी! सुमारे ४.३ टक्के मुलं तर हातापायांवर रांगलीच नाहीत. पण हा तक्ता घराघरांत पोचेपर्यंत खिडकीचा एकच आकडा होतो. माझी भाची नऊ महिन्यांची असताना फोनमधल्या ॲपने ‘उशीर’ दाखवला. ताई दोन रात्री झोपली नाही. आजी उलट विचारत होती, “काहून घाबरतं वं? तुह्या मायनंही रांगणं केलंच नव्हतं, एकदम उभीच राह्यली.” आजीचा पुरावा एका बाळाचा, पण त्या दिवशी ॲपपेक्षा बरोबर. याचा अर्थ खिडकीबाहेर गेलेल्या बाळाकडे दुर्लक्ष करायचं असा मात्र नाही. तिथे डॉक्टरांकडे जायचंच.

आता माझं वाक्य

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी काढलं नाही, बदललं : ‘पाच देशांतल्या शहरी, शिकलेल्या, अडचण नसलेल्या आयांच्या मुलांत दोन वर्षांच्या वयाला विकास बराचसा सारखा आढळला. वस्तीतल्या बाळांत फरक दिसला, तर तो परिस्थितीचा, हाताळणीचा की साधनाचा, हे वेगळं तपासावं लागेल.’ वाक्य लांबलं, पहिल्यासारखं झोकदार राहिलं नाही. पण ‘हाताळणीचा’ या एका शब्दामुळे माझ्या प्रश्नावलीत बाळाला कोण सांभाळतं, दिवसातला किती वेळ ते झोळीत आणि किती वेळ जमिनीवर असतं, हे प्रश्न आले. आधी ते नव्हतेच.

तुम्ही पेट किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल, तर एक करून बघा. तुमच्या सगळ्यात लाडक्या संदर्भाचं शेवटचं वाक्य आणि त्यातला ‘कोणाची निवड केली’ हा परिच्छेद एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा. दोघांचं जमत नसेल, तर गाईडच्या आधी पेन्सिल तुम्हीच उचला.