प्लॅस्टिकच्या जहाजप्रतिकृती व त्यांचें प्रामाण्य

ऐतिहासिक शिडाच्या जहाजांच्या लहान प्रतिकृती प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून जुळविण्याचा छंद पाश्चात्य देशांत फार दिवसांपासून रूढ आहे. जुने कागद व पोथ्या धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु एकदां जुळवून, रंगवून, दोर ओढून कांचेच्या पेटींत ठेविलेली प्रतिकृति केवळ खेळणें राहत नाहीं. पेटीवरील नांवाची पाटी वाचून पाहणारा मनुष्य ‘तें जहाज असें होतें’ असा निश्चय मनाशीं करून जातो. उद्यां तिचें छायाचित्र एखाद्या पुस्तकांत येतें आणि परवां दुसरा लेखक त्या छायाचित्राचा आधार घेतो. म्हणजे ती वस्तु नकळत ऐतिहासिक साधनांच्या पंक्तीस जाऊन बसते. जी वस्तु साधन म्हणून पुढें येते तिची परीक्षा करणें हें संशोधकाचें कर्तव्यच होय. म्हणून पोथीस जी कसोटी आपण लावतों तीच या संचांस लावून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम हे संच कसे निर्माण होतात तें पाहूं. पोलादी साच्याचीं दोन अर्धें एकत्र दाबून त्यांच्या पोकळींत तापवून पातळ केलेलें पॉलिस्टायरीन जोरानें घालतात. तें निवून घट्ट झालें कीं भाग तयार होतो. साचा कोरणें अत्यंत खर्चाचें. एकदां तो तयार झाला म्हणजे त्यांतून हजारों संच काढणें मात्र स्वस्त. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर साचा ही मातृका आणि त्यांतून निघालेला प्रत्येक संच ही तिची नक्कल. हातानें केलेल्या नकलांत पाठभेद होतात व त्या ताडून पाहून मूळ पाठ निश्चित करितां येतो. येथें ती सोय नाहीं. मातृकेंत चूक असली तर ती सर्व नकलांत जशीच्या तशी उतरते. लेखकप्रमाद एकदांच घडतो, पण तो अक्षय होतो. शिवाय साचा महाग असल्यामुळें तोच थोडा खरडून निराळ्या नांवानें पुन्हां वापरण्याचा मोह उत्पादकास होतो. या मोहाचा विचार पुढें येईलच.

मूळ जहाजाविषयीं काय साधनें उरलीं आहेत यावरून या संचांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत प्रत्यक्ष जहाजच उभें आहे. पोर्टस्मथ येथील ‘व्हिक्टरी’, बॉस्टन येथील ‘कॉन्स्टिट्यूशन’, ग्रिनिच येथील ‘कटी सार्क’ व स्टॉकहोम येथील ‘व्हासा’ हीं या वर्गांतील. दुसऱ्या वर्गांत जहाज नष्ट झालें, पण बांधणीचे किंवा मोजणीचे आराखडे शिल्लक आहेत. ‘बाउंटी’ हें त्याचें उदाहरण. तिसऱ्या वर्गांत जहाजही नाहीं व आराखडाही नाहीं. ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीनें १९५२ सालीं काढलेलें आपलें पहिलें ऐतिहासिक जहाज ‘गोल्डन हाइंड’ हें या तिसऱ्या वर्गांतील होय. फ्रान्सिस ड्रेक यानें ज्या जहाजांतून १५७७ ते १५८० या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा केली त्याचा एकही आराखडा उपलब्ध नाहीं. त्या काळच्या इंग्रजी नौकाबांधणीचें मॅथ्यू बेकर याचें सचित्र हस्तलिखित केंब्रिज येथील पीप्स ग्रंथसंग्रहांत आहे. त्यावरून त्या काळचें जहाज सामान्यतः कसें असे हें कळतें, परंतु ड्रेकचें जहाज कसें होतें हें कळत नाहीं. अशा संचास ‘तर्कसिद्ध’ म्हणावें, ‘प्रमाण’ म्हणूं नये. तर्क करण्यांत दोष नाहीं. तर्क आहे असें न सांगण्यांत दोष आहे.

आतां आमच्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. अमेरिकेंतील रेव्हेल कंपनीनें १९५६ सालीं ‘बाउंटी’चा संच काढला व पुढें साठीच्या दशकांत चार्ल्स डार्विनच्या प्रवासामुळें कीर्ति पावलेल्या ‘बीगल’चा संच बाजारांत आणला. या ‘बीगल’चा सांगाडा कांहीं फेरफार करून घेतलेला ‘बाउंटी’चाच आहे. पेटीवर चित्र ‘बीगल’चें, सूचनापत्रिकेंत वृत्तांत डार्विनचा, आणि आंत शरीर मात्र ब्लायच्या बंडग्रस्त जहाजाचें. एका ग्रंथाचें पहिलें व शेवटचें पान बदलून तो दुसऱ्या ग्रंथकाराच्या नांवावर खपविण्यासारखाच हा प्रकार होय.

यावर असा बचाव होऊं शकेल कीं दोन्ही जहाजें आकारानें जवळजवळ सारखींच होतीं. ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच हें उदाहरण बोधप्रद आहे. ‘बाउंटी’ची लांबी सुमारें ९० फूट १० इंच व रुंदी २४ फूट ४ इंच, ‘बीगल’ची लांबी ९० फूट ४ इंच व रुंदी २४ फूट ६ इंच. आंकडे शेजारीं ठेविले तर फरक सहा इंचांच्या पलीकडे जात नाहीं. परंतु जहाज म्हणजे लांबी व रुंदी नव्हे. ‘बाउंटी’ हें मूळचें ‘बेथिया’ नांवाचें व्यापारी गलबत, १७८४ सालीं हल येथें बांधलेलें. त्याचें पोट माल भरण्यासाठीं घडविलेलें होतें. १७८७ सालीं आरमारानें तें विकत घेतलें व ताहितीहून विलायती फणसाचीं रोपें नेण्यासाठीं त्यांत फेरफार केले. त्या वेळचे आराखडे ग्रिनिच येथील संग्रहालयांत आहेत. उलट ‘बीगल’ हें जन्मतःच लढाऊ जहाज. हेन्री पीक याच्या आराखड्यावरून बांधलेल्या दहा तोफांच्या वर्गांतील तें जहाज १८२० सालीं वुलिच येथें पाण्यांत सोडण्यांत आलें. तेव्हां त्यास दोनच डोलकाठ्या होत्या. १८२५ सालीं सर्वेक्षणाच्या कामासाठीं मागील तिसरी डोलकाठी चढविली आणि १८३१ सालीं डेव्हनपोर्ट येथील दुरुस्तींत वरचें तूतक उंच केलें. डार्विन ज्या जहाजांतून गेला तें हें, तीन अवस्थांतून गेलेलें. दोन पोथ्यांची पानें व ओळी यांची संख्या जुळली म्हणून आपण त्या एकाच ग्रंथाच्या प्रती मानीत नाहीं. आंतील पाठ पाहतों. येथें पाठ म्हणजे सांगाड्याची घडण, आणि ती निराळी आहे.

हाच प्रकार ‘थर्मोपायली’चा. रेव्हेलनें ‘कटी सार्क’चा मोठा संच १९५९ सालीं १:९६ या प्रमाणांत काढला, तो चांगला आहे आणि आजही त्याची वाखाणणी होते. परंतु त्याच साच्यांतून ‘थर्मोपायली’ही काढण्यांत आली. पहिलें जहाज हर्क्युलिस लिंटन याच्या आराखड्याचें, १८६९ सालीं डंबार्टन येथें बांधलेलें. दुसरें बर्नार्ड वेमथ याच्या आराखड्याचें, १८६८ सालीं अ‍ॅबर्डीन येथें बांधलेलें. येथेंही दोहोंची लांबी सुमारें २१२ फूट व रुंदी ३६ फूट! चहाच्या व्यापारांतील हीं दोन जहाजें एकमेकांचीं प्रतिस्पर्धी होतीं. १८७२ च्या शर्यतींत ‘कटी सार्क’चें सुकाणू तुटलें व ‘थर्मोपायली’ आठवडाभर आधीं लंडनला पोंचली. कोणत्या आराखड्याचें जहाज अधिक वेगवान, हाच ज्या स्पर्धेचा विषय, तींतील दोन्ही पक्ष एकाच साच्यांतून काढणें म्हणजे त्या वादाचा मुद्दाच नाहींसा करणें होय. ‘थर्मोपायली’स १९०७ सालीं पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ जलसमाधि मिळाली, ‘कटी सार्क’ वांचली. मृतानें स्वतःची बाजू मांडावी तरी कशी?

न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं साच्याचा प्रत्येक पुनरुपयोग सारखाच दोषास्पद नाहीं. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मोठ्या संचावरून रेव्हेलनें ‘युनायटेड स्टेट्स’ काढली. हीं दोन्ही जहाजें जोशुआ हंफ्रीज याच्या एकाच योजनेंतून निर्माण झालीं व १७९७ या एकाच सालीं पाण्यांत सोडण्यांत आलीं. येथें मूळ एक व शाखा दोन आहेत. तपशिलाचे भेद असले तरी कुळ एक आहे. तेव्हां दोष साचा पुन्हां वापरण्यांत नसून कुळाची चौकशी न करितां तो वापरण्यांत आहे.

प्रत्यक्ष जहाज उभें असलें म्हणजे सर्व शंका फिटल्या असेंही नाहीं. ‘व्हिक्टरी’ १७६५ सालीं पाण्यांत सोडण्यांत आली, ट्रॅफल्गरची लढाई १८०५ सालीं झाली आणि १९२२ नंतर गोदींत उभें करून तिला ट्रॅफल्गरच्या वेळचें रूप देण्याचा प्रयत्न झाला. म्हणजे आज दिसतें तें विद्वानांनीं केलेलें पाठसंशोधन आहे. तिच्या तोफांच्या रांगांवरील पट्टे कित्येक वर्षें गर्द पिवळे रंगविले जात. जुन्या रंगाच्या थरांची तपासणी झाल्यावर २०१५ सालीं तेथें फिकट, किंचित् गुलाबी छटेचा रंग आला. ‘व्हासा’ १६२८ सालीं पहिल्याच सफरींत बुडाली व १९६१ सालीं वर काढण्यांत आली. तिच्या पिछाडीवरील नक्षीची पार्श्वभूमि निळी असावी असें पूर्वीं मानीत. लांकडावर उरलेल्या रंगकणांच्या परीक्षणानंतर ती तांबडी ठरली. यास्तव जुन्या सूचनापत्रिकेप्रमाणें रंगविलेली ‘व्हासा’ खोटी म्हणतां येणार नाहीं. ती त्या काळच्या ज्ञानाची साक्ष आहे. परंतु ती साक्ष कोणत्या सालची हें पाहणाऱ्यास कळलें पाहिजे.

द्रव्याच्या मर्यादाही ध्यानांत घेणें अवश्य आहे. १:९६ या प्रमाणांत तूतकावरील लांकडाची शीर केवळ दहांश मिलिमीटर उंच उठविली तरी खऱ्या जहाजावर ती जवळजवळ एक सेंटिमीटर उंचीचा वरंबा होते; अशा तुतकावर कोणी खलाशी अनवाणी चालला नसता. अर्ध्या मिलिमीटर जाडीचें प्लॅस्टिकचें शीड म्हणजे खऱ्या मापानें सुमारें पांच सेंटिमीटर जाडीचें कापड. यासाठींच जाणते लोक हीं शिडें फेंकून देतात व काठ्या मोकळ्या ठेवतात किंवा बारीक कागदाचीं गुंडाळलेलीं शिडें बांधतात. हा त्यांचा विवेक आम्हांस स्तुत्य वाटतो. नाइलाजाचा दोष आणि अप्रामाणिकपणाचा दोष यांत अंतर आहे. पहिला क्षम्य, दुसरा नव्हे.

इतके आक्षेप घेतल्यावरही हा छंद आम्ही टाकाऊ समजत नाहीं. ज्यानें एका जहाजाचे सर्व दोर स्वतः ओढून बांधले त्यास कोणता दोर कोणत्या काठीस आधार देतो व कोणता शीड फिरवितो हें जितकें पक्कें कळतें तितकें वर्णन वाचून कळत नाहीं. आरमारी लढायांवर लिहिणाऱ्यांनीं एक तरी जहाज जुळवून पाहावें, म्हणजे वारा उलटल्यावर जहाज का अडतें हें त्यांच्या लेखणीस उमजेल. ‘बीगल’च्या संचाची लबाडी ओळखून, कार्ल हाइंझ मार्क्वार्ट यानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांशीं तो ताडून पाहणारा छंदी मनुष्य आमच्या मतें संशोधकच होय.

आमच्या कोंकणच्या आरमाराच्या अभ्यासकांसही यांतून घेण्यासारखें आहे. बाजारांतील एखादें यूरोपीय जहाज घेऊन, त्याच्या दोन काठ्या ठेवून, त्यास आंग्र्यांचा गुराब म्हणण्याचा मोह होण्याजोगा आहे. परंतु रॉबर्ट ऑर्म यानें अठराव्या शतकांत केलेलें वर्णन पाहावें. लांबीच्या मानानें रुंद अंग, मध्यापासून पुढें निमुळतें होत गेलेलें, भूमध्यसमुद्रांतील गॅलींप्रमाणें लांब पुढें आलेली नाळ आणि आडभिंतींतील भोंकांतून त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, हें गुराबाचें लक्षण. ज्याचा सर्व मारा दोन्ही कुशींतून होतो अशा यूरोपीय सांगाड्यांत तें बसत नाहीं. ‘बीगल’च्या बाबतींत परक्यांनीं केलेली चूक आपण आपल्याच आरमाराच्या बाबतींत करूं नये.

तेव्हां आमची संग्राहकांस सूचना एवढीच. पोथीच्या शेवटीं लेखक, स्थळ व शक सांगणारी पुष्पिका असते तशी प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक नोंद असावी: संच कोणत्या कंपनीचा व कोणत्या सालचा, साचा मूळ कोणत्या जहाजासाठीं कोरलेला, जहाजाची कोणत्या सालची अवस्था दाखविली आहे, कोणता भाग आराखड्यावरून केला व कोणता तर्कानें, आणि जुळविणाऱ्यानें स्वतः काय बदललें. पेटी व सूचनापत्रिका फेंकून न देतां जपून ठेवाव्या. अशी नोंद असेल तर सदोष संचही उपयोगी पडतो, कारण त्याचा दोष ज्ञात असतो. ती नसेल तर उत्तम कारागिरीची प्रतिकृतिसुद्धां निनांवी, निःशक कागदासारखी होय. आपण अशा कागदास प्रमाण मानीत नाहीं. मग प्लॅस्टिकच्या जहाजास तरी निराळा न्याय कां लावावा?