मुणिक जातक : हेव्याचा अर्धा विचार

जातककथांतील बोध आपण सहज उचलतो. कथेने न विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहतो. एककनिपातातील मुणिक जातक (क्र. ३०) हे याचे ठळक उदाहरण होय.

एका गृहस्थाच्या घरी महालोहित व चूळलोहित हे दोन बैल होते. घरची सारी ओढकामे त्यांच्याच मानेवर. मुलीचे लग्न ठरले आणि मुणिक नावाच्या डुकराला पेज-भात मिळू लागला. राबणाऱ्यांना पेंढा आणि आयतखाऊला भात, ही धाकट्याची तक्रार. त्याचा हेवा करू नकोस, तो मरणाचे अन्न खातो आहे, हे थोरल्याचे उत्तर. पुढे वऱ्हाडी आले आणि मुणिकाचे कालवण झाले. समोधानानुसार थोरला बैल म्हणजे बोधिसत्त्व आणि धाकटा म्हणजे आनंद.

दिसते तसे नसते, हा या कथेचा बोध निर्विवाद आहे. संयुत्तनिकायातील सत्तजटिल सुत्तात तो अधिक नेमका येतो. राजा प्रसेनजित तापसवेषातील आपल्याच हेरांना वंदन करतो व तथागतांपुढे त्यांना अर्हत म्हणतो. तथागत सांगतात की, शील सहवासाने, सचोटी व्यवहाराने, धैर्य संकटात आणि प्रज्ञा संवादाने कळते, तीही दीर्घकाळाने. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक झुलीवर भुलत नाही. तो घोड्याचे दात पाहतो, त्याची चाल पाहतो. वैभवाकडेही असेच पाहिले पाहिजे.

परंतु येथेच मुणिक जातकाची मर्यादा दिसते. राबणाऱ्या बैलाला पेंढाच का, हे कथा विचारीत नाही. डुकराचा अंत सांगितला की बैलाचे समाधान झाले, असे ती गृहीत धरते. ज्यांना शतकानुशतके पेंढ्यावरच समाधान मानण्यास शिकविले गेले, त्या समाजाने हा बोध तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

सारंगखेडा ज्या शहादा तालुक्यात आहे, तेथे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी भिल्ल सालदार व भूमिहीन संघटित झाले. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीने हातून गेलेल्या जमिनींचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न मांडला. या मागणीला हेवा म्हणता येईल काय? हेव्याची दृष्टी दुसऱ्याच्या ताटावर असते. न्याय विचारतो, हे धान्य कोणाच्या घामाचे? पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी १९७४चा कायदा झाला. जी मागणी कायद्यालाही मान्य करावी लागली, तिला मत्सर ठरविणे हाच खरा देखावा होय.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की, बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला नाही. संपत्ती मिळविण्यास त्याचा विरोध नव्हता, पण ती विनयाच्या मर्यादेत मिळविली पाहिजे. म्हणजे दारिद्र्य नापसंत आणि हाव हीही नापसंत.

या दृष्टीने दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्त मुणिक जातकाला पूरक ठरते. निर्वैर जगू इच्छिणारे लोकही वैरात का जगतात, या शक्राच्या प्रश्नाला तथागत दोन बंधने सांगतात : इस्सा आणि मच्छरिय, म्हणजे दुसऱ्याच्या लाभाने जळणे आणि आपला लाभ कोणाला न देणे. मुणिक जातक बैलाची इस्सा पाहते. गृहस्थाचे मच्छरिय तिच्या नजरेतून सुटते. दोन्ही बंधने एकत्र तोडल्याखेरीज वैर शमत नाही. चूळलोहिताने हेवा सोडावा, हे योग्यच. मात्र आपला प्रश्न त्याने सोडू नये.