घ्यायचे माप, द्यायचे माप

शहापूर-मुरबाडच्या म्हाताऱ्या माणसांना सावकाराच्या दोन मापांबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. भात घ्यायचे माप मोठे, द्यायचे लहान. शास्त्रज्ञांची थोरवी मोजण्याची आणि चांगल्या संशोधनाला बक्षीस देण्याची जी पद्धत विद्यापीठांत रुजली आहे, तिची चिकित्सा आपण या अनुभवावरूनच केली पाहिजे.

पद्धत अशी. १९६४ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी कोणाच्या लेखाचा हवाला किती लेखांत आला याची सूची काढली. २००५ साली हर्श यांनी एच-निर्देशांक दिला: ज्याच्या वीस लेखांचा प्रत्येकी किमान वीस वेळा हवाला आला, त्याचा निर्देशांक वीस. २०१० साली आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांची बढती छापील लेखांच्या गुणांशी बांधली. मग गुणांसाठी लेख आणि लेखांसाठी पैसे घेणारी नियतकालिके, असा बाजार उभा राहिला.

तरीही आकडा म्हटला की नाक मुरडणे आपल्याला परवडणारे नाही. ज्याचे आडनाव ऐकताच मुलाखत घेणाऱ्यांचा चेहरा बदलतो, त्या संशोधकाला आकडा हा आधार असतो. घराणे, वशिला, गुरूची मर्जी या मापांनी आपण पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला आहे. तेव्हा आमचा आक्षेप मोजण्याला नाही. वही कोणाच्या हातात आहे आणि तिच्यात कोणाचे नाव चढते, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्याच तालुक्यांतला राब घ्या. उन्हाळ्यात टहाळ, गवत, शेण यांचे थर रचून भाताच्या रोपाची जागा भाजायची. तणाचे बी जळते, राखेचे खत मिळते, रोप जोमाने येते. एकोणिसाव्या शतकात जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने आणली, तेव्हा राब ही अडाण्यांची नासधूस ठरली. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. शेतीखात्याने राबाचे प्रयोग करून पाहिले. इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली आणि शेतकऱ्याचे म्हणणे निराधार नाही, असेच त्यातून निघाले. म्हणजे प्रयोग शेतकऱ्याचा, परीक्षा खात्याची आणि ग्रंथात नाव व्होल्करांचे. ज्या कुणब्यांनी, ठाकरांनी, महारांनी राब भाजून भाजून हे ज्ञान कमावले, त्यांच्या नावाला त्या वहीत ओळ नाही. तानसा-भातशाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ज्ञानाचेही तसेच झाले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दलित शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या भातात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षामागून वर्ष निवडून वाढवल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा 'एचएमटी' तांदूळ उभा राहिला. आज आपल्याकडच्या किराणा दुकानांतही तो नावाने मागितला जातो. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा 'पीकेव्ही एचएमटी' जाहीर झाला. आम्ही वाण शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. माझे श्रेय गेले, असे दादाजींचे. पुढे २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला, इतरही सन्मान झाले. पण ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा घरचे दारिद्र्य गेलेले नव्हते.

शुद्धीकरण हे काम नाही, असे कोण म्हणेल? मुरबाडला लागून असलेल्या कर्जतच्या केंद्राची वाणे आपल्या खाचरांत पिकतात. तिथल्या शास्त्रज्ञांचे श्रम आम्हांला मान्य आहेत. पण शुद्ध करणारा संशोधक आणि निवडणारा फक्त लाभार्थी, ही वाटणी शास्त्राची नव्हे, वर्णव्यवस्थेची आहे. हात राबतात आणि लेखणी मालक होते.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याने काढलेल्या वाणाची नोंद मान्य केली. कायद्याला जे कळले, ते विद्यापीठाच्या गुणपत्रिकेला का कळू नये? २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत मांडलेल्या जाहीरनाम्यात खुद्द वैज्ञानिकांनीच सांगितले की, नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचे काम जोखू नका. मग जोखायचे कशावरून? तीन प्रश्न विचारा. या संशोधनाने कोणाच्या शेतात, कोणाच्या घरात फरक पडला? ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांची नावे कोठे आहेत? आणि बक्षिसातला वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचला काय?

हे प्रश्न आधी आपण स्वतःला विचारले पाहिजेत. आपलेच विद्यार्थी पीएच.डी.साठी पाड्यावर जातात, कातकरी म्हातारीकडून रानभाज्यांची, झाडपाल्याची माहिती घेतात आणि प्रबंधात लिहितात: 'निवेदक क्रमांक चार'. तिची संमती असेल तर तिचे नाव लिहा, पाड्यासह लिहा, आणि छापलेला प्रबंध तिच्या पाड्यावर जाऊन वाचून दाखवा. त्याने तुमचा निर्देशांक वाढणार नाही. पण आपल्या हातात आलेले माप तरी सावकाराचे राहणार नाही.